गाठ निघाली, उपचार अजून व्हायचा आहे

आदरणीय डॉक्टर, सप्रेम नमस्कार.

यांच्या (वय 46) उजव्या मांडीत आतल्या बाजूला आठ-नऊ महिने गाठ होती. दुखत नव्हती. गेल्या पावसाळ्यात मोटारसायकल घसरून मार लागला होता, त्याचेच रक्त साकळले असेल असे धरून आम्ही दुर्लक्ष केले. संक्रांतीनंतर ती भराभर वाढू लागली, म्हणून घराजवळच्या एका दवाखान्यात दाखवली. तिथे सोनोग्राफी करून ‘चरबीची गाठ आहे, तासाभराचे काम’ असे सांगितले आणि मार्चअखेर ती काढली. दहा दिवसांनी रिपोर्ट आला: ‘हाय ग्रेड स्पिंडल सेल सार्कोमा’. सर्व तुकडे मिळून 7 × 6 × 4 सेंटीमीटर, आणि तुकड्यांमध्ये आल्यामुळे कडांविषयी सांगता येत नाही, असेही त्यात आहे. मांडीवर आडवी चीर, नऊ टाके, आणि बाजूला नळी घातली होती त्याचे भोक आहे. ज्यांनी गाठ काढली ते म्हणतात, पूर्ण निघाली आहे, आता फक्त लक्ष ठेवा. दिरांच्या ओळखीच्या एकांनी पाय काढावा लागेल असे सांगितले. सासूबाई म्हणतात, चाकू लागला म्हणून आजार चेतला, आता कोणाला हात लावू द्यायचा नाही. मुंबईला टाटात जावे का? पाय वाचेल का? आमच्याकडून उशीर झाला का? यांना अजून आम्ही रिपोर्टचे काही बोललेलो नाही. ते सोमवारपासून भोसरीला कारखान्यात यंत्रावरच्या कामाला जायचे म्हणतात.

– एक वाचक, धायरी, पुणे

ताई,

तुमच्या पत्रातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट तुम्ही जाता जाता लिहिली आहे: गाठ तुकड्यांमध्ये आली. मी पस्तीस वर्षे पॅथॉलॉजिस्ट म्हणून काम केले, म्हणजे शस्त्रक्रियेत निघालेले जे काही असेल ते बरणीतून ज्यांच्या टेबलावर येते, त्यांच्यापैकी मी एक. आमच्या शाखेची माणसे रुग्णाला सहसा भेटत नाहीत, बरणीलाच भेटतात. पण बरणी उघडताच पहिली शस्त्रक्रिया कशी झाली असेल याचा अंदाज येतो, आणि पुढचे बरेचसे त्यावरच ठरते.

आखून केलेल्या शस्त्रक्रियेनंतर बरणीत जे येते त्यात गाठ वरून दिसतच नाही. तिच्याभोवती सर्व बाजूंनी निरोगी स्नायूचा थर ठेवून काढलेला तो एक सबंध गोळा असतो, आणि त्याला दोन दोरे बांधलेले असतात: आखूड दोरा वरच्या टोकाला, लांब दोरा बाहेरच्या बाजूला. त्या दोऱ्यांवरून गोळा शरीरात जसा होता तसा आम्ही टेबलावर मांडतो, त्याच्या साऱ्या पृष्ठभागाला शाई फासतो, ती वाळू देतो आणि मग पावाच्या लादीसारखे काप घेतो. काचपट्टीवर कर्करोगाची पेशी शाईला टेकलेली दिसली, तर रोग मागे राहिला आहे असे धरायचे. मध्ये निरोगी ऊती असेल, तर ते अंतर मिलिमीटरमध्ये मोजून लिहायचे. तुकड्यांच्या बाबतीत यातले काहीच करता येत नाही, कारण त्यांची प्रत्येक बाजू चिमट्याने तुटलेली असते आणि शरीरातली खरी कड कोणती हे कोणालाच कळत नाही. तुमच्या रिपोर्टवर सही करणाऱ्याने ते प्रामाणिकपणे लिहिले, याबद्दल त्याचे आभार माना.

ज्यांनी गाठ काढली ते ‘पूर्ण निघाली’ म्हणतात, ते खोटे बोलत नाहीत, त्यांच्या डोळ्यांना तसेच दिसले असणार. सार्कोमा, म्हणजे स्नायू, चरबी अशा मऊ ऊतींचा कर्करोग, वाढताना आजूबाजूच्या ऊतींना दाबत जातो आणि त्या दाबलेल्या ऊतींचे गुळगुळीत आवरण तयार होते, त्यामुळे शेंगेतून मटाराचा दाणा निघावा तशी ती गाठ बोटाने सुटूनही येते. मात्र हे आवरण फसवे असते, कारण त्यात आणि त्याच्या पलीकडेही रोगाच्या पेशी असतात. अशा न आखलेल्या शस्त्रक्रियेनंतर विशेषज्ञ केंद्रात ती जागा पुन्हा काढून तपासली, तर वेगवेगळ्या अभ्यासांत एक चतुर्थांशापासून ते निम्म्याहून अधिक रुग्णांमध्ये शिल्लक रोग सापडला आहे. म्हणून ‘फक्त लक्ष ठेवा’ हा सल्ला, तुमच्या हातात जो रिपोर्ट आहे तो पाहता, मला मान्य नाही.

आता दोष कोणाचा, हा तुमच्या पत्राच्या ओळीओळींतून डोकावणारा प्रश्न. मऊ ऊतींच्या साध्या गाठी आणि कर्करोगाच्या गाठी यांचे प्रमाण किमान शंभरास एक असे असते. मोठ्या माणसांना होणाऱ्या सर्व कर्करोगांत सार्कोमाचा वाटा जेमतेम 1 टक्का, आणि त्यातही 50 हून अधिक प्रकार. त्यामुळे पेठेतल्या किंवा उपनगरातल्या सर्जनला उभ्या आयुष्यात असे रुग्ण अगदी मोजके दिसतात. गाठ दिसल्यावर चरबीचीच असेल असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु एक नियम जगभर सर्जनांना शिकवला जातो: गाठ 5 सेंटीमीटरहून, म्हणजे साधारण मोठ्या लिंबाहून, मोठी असेल, किंवा वाढत असेल, किंवा स्नायूच्या आवरणाखाली खोल असेल, तर आधी एमआरआय, मग सुईने बायोप्सी आणि त्यानंतरच शस्त्रक्रिया. खोल आहे की नाही हे ओळखण्याची जुनी रीत सोपी आहे. मांडी आवळायला सांगायचे. वरवरची गाठ हाताखाली तशीच सरकत राहते, खोलवरची मात्र जागच्या जागी घट्ट होते. हा नियम इथे पाळला गेला नाही असे पत्रावरून दिसते. तुमच्याकडून झालेली चूक म्हणाल, तर ती जवळपास सगळेच करतात: गाठ दुखत नाही म्हणून निर्धास्त राहणे. सार्कोमा बहुतेक वेळा दुखत नाही. मोटारसायकलच्या मारामुळे तो झाला असे मानायला आधार नाही, मार लागल्यामुळे त्या जागी हात गेला आणि गाठ लक्षात आली, इतकेच.

रिपोर्टमधल्या शब्दांकडे वळते. ‘स्पिंडल सेल’ म्हणजे सूत कातायच्या चातीसारख्या, दोन्ही टोकांना निमुळत्या पेशी. हे त्या पेशींचे वर्णन झाले, रोगाचे नाव अजून ठरलेले नाही. चातीच्या आकाराच्या पेशी सायनोव्हियल सार्कोमात असतात, स्नायूंच्या सार्कोमात असतात, चरबीच्या काही सार्कोमांत असतात आणि नसांच्या (मज्जातंतूंच्या) आवरणाच्या अगदी निरुपद्रवी गाठींमध्येही असतात. नेमके नाव ठरवण्यासाठी आधी पेशींमधली विशिष्ट प्रथिने रंगवून पाहावी लागतात, ज्याला आम्ही आयएचसी म्हणतो, आणि पुष्कळदा त्यानंतर जनुकांची तपासणी लागते: सायनोव्हियल सार्कोमात एक्स आणि 18 या गुणसूत्रांचे तुकडे एकमेकांना जोडलेले सापडतात, तर चरबीच्या काही सार्कोमांत एमडीएम2 नावाच्या जनुकाच्या अनेक प्रती. (सायनोव्हियल या नावाचा सांध्याच्या अस्तराशी काही संबंध नाही, हे कळून कित्येक वर्षे झाली, नाव मात्र चिकटले ते चिकटलेच.) पेशी किती विभागत आहेत, किती भाग मृत आहे आणि मूळ ऊतीशी किती साम्य उरले आहे, या तीन गोष्टींना गुण देऊन ग्रेड, म्हणजे रोग किती आक्रमक आहे याची श्रेणी, ठरते. सार्कोमा रोज पाहणाऱ्या पॅथॉलॉजिस्टने फेरतपासणी केली की प्रकार किंवा ग्रेड बदलल्याची उदाहरणे मी स्वतः अनेकदा पाहिली आहेत, आणि बदल नेहमी वाईटाकडेच होतो असेही नाही. मी खोटी आशा लावत नाही. पण ज्या निदानावर पुढचे सारे उपचार उभे राहणार, ते दोनदा पाहून घेणे अगत्याचे आहे.

त्यासाठी पहिले काम, आणि ते याच आठवड्यात: ज्या प्रयोगशाळेने रिपोर्ट दिला तिथून मेणाचे ब्लॉक आणि काचेच्या स्लाइड घेऊन या. ब्लॉक म्हणजे प्लॅस्टिकच्या जाळीदार पट्टीवर बसवलेला मेणाचा चौकोनी ठोकळा. त्यात तुमच्या यजमानांच्या गाठीचा तुकडा जपलेला असतो आणि त्यातून हवे तेवढे नवे काप घेता येतात. नुसत्या रिपोर्टच्या झेरॉक्सवर फेरतपासणी होत नाही. ब्लॉकवरचा क्रमांक रिपोर्टवरच्या क्रमांकाशी तिथेच उभे राहून जुळवून पाहा. आणि हे ठोकळे उन्हात उभ्या असलेल्या गाडीत किंवा स्कूटरच्या डिकीत ठेवू नका: ते मेण सुमारे 56 ते 60 अंशांना वितळते आणि एप्रिलच्या दुपारी बंद गाडी किती तापते हे पुणेकरांना सांगायला नको. सोबत शस्त्रक्रियेची सविस्तर नोंद मागा. डिस्चार्ज कार्डावरच्या दोन ओळी पुरेशा नाहीत. गाठ स्नायूच्या आत होती की बाहेर, नळी कुठून काढली, हे पुढच्या सर्जनला त्यातूनच कळेल. ती मागताना भांडू नका, नोंद हवी आहे.

मांडीचा कॉन्ट्रास्ट (चित्र स्पष्ट दिसण्यासाठी शिरेतून द्यायचे औषध) देऊन एमआरआय आणि छातीचा सीटी स्कॅन या दोन तपासण्या लागतील. छातीचा सीटी अशासाठी, की हा रोग पसरला तर बहुतेक वेळा प्रथम फुप्फुसांत जातो. जांघेतल्या गाठींकडे तो काही ठरावीक प्रकारांतच वळतो. नुकत्याच झालेल्या शस्त्रक्रियेची सूज एमआरआयमध्ये दिसेल आणि तिच्या गर्दीत थोडासा उरलेला रोग लपूही शकतो, म्हणून एमआरआय ‘साफ’ आला तरी पुढचा उपचार टळला असे समजू नका. सर्वांनाच पेट स्कॅन लागतो असे नाही. तज्ज्ञाने सांगण्याआधी त्यावर पैसे घालवू नका.

टाटात जावे का? माझे उत्तर, जावे. परळचे टाटा स्मारक रुग्णालय 1941 पासून चालू आहे आणि हाडे व मऊ ऊती यांच्या कर्करोगासाठी तिथे स्वतंत्र गट आहे: सर्जन, रेडिएशनचे डॉक्टर, केमोचे डॉक्टर, रेडिओलॉजिस्ट आणि पॅथॉलॉजिस्ट एकाच रुग्णाची फाईल समोर ठेवून बोलतात. पुण्यातही चांगली केंद्रे आहेत आणि प्रवास जमणार नसेल तर तिथे दाखवण्यात कमीपणा नाही. मात्र दोन गोष्टी स्पष्ट विचारा: सार्कोमाच्या शस्त्रक्रिया इथे नियमितपणे कोण करते, आणि उपचार ठरवण्याआधी ट्यूमर बोर्डात, म्हणजे या सर्व शाखांच्या डॉक्टरांच्या एकत्र बैठकीत, चर्चा होते का. उत्तर गोलमोल आले तर शिवनेरीने दादर गाठा. तिथून परळ लोकलने पुढचेच स्टेशन आहे. पुष्कळदा असे होते की योजना आणि शस्त्रक्रिया परळला होते आणि रेडिएशन किंवा केमो पुण्यात घेता येते, तेही पहिल्याच भेटीत विचारून घ्या. मुक्कामासाठी दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळची नाना पालकर स्मृती समिती या जागा कर्करोगाच्या रुग्णांना माहीत असतात. जागा भरलेल्या असतात, म्हणून आधी चौकशी करा. खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाच्या शस्त्रक्रिया, रेडिएशन आणि केमो येतात. शिधापत्रिका आणि आधार कार्डावरची नावे जुळतात का ते आत्ताच पाहा. नावातल्या एका वेलांटीवरून आठवडा गेल्याचे मी पाहिले आहे. यजमानांना कारखान्यातून ईएसआय किंवा गट विमा असेल तर त्याचीही कागदपत्रे काढा, आणि एसटी व रेल्वेत कर्करोगाच्या रुग्णांना भाड्यात सवलत मिळते तिचा दाखला रुग्णालयातून घ्या.

पाय. या प्रश्नावर तुमची झोप उडाली असेल, म्हणून सविस्तर लिहिते. एके काळी मांडीतल्या अशा गाठीला पाय काढणे हाच उपाय मानत. 1982 साली अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेतील स्टीव्हन रोझेनबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 43 रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातल्या काहींचा हात किंवा पाय काढला होता, तर काहींची फक्त गाठ निरोगी कडेसह काढून रेडिएशन दिले होते. ज्यांचे अवयव वाचवले त्यांच्यात त्याच जागी गाठ परत येण्याचे प्रमाण थोडे अधिक होते, परंतु जगण्याच्या बाबतीत दोन्ही गटांत फरक आढळला नाही. त्यानंतर ही शाखा हळूहळू पाय वाचवण्याकडे वळली, आणि आज विशेषज्ञ केंद्रांत हातापायांच्या सार्कोमाच्या दहांपैकी नऊहून अधिक रुग्णांचा अवयव वाचतो. मुख्य नस किंवा रक्तवाहिनी रोगाने पूर्ण वेढली असेल तर गोष्ट वेगळी. एमआरआय न पाहता पाय काढायला सांगणाऱ्याचे मात्र ऐकू नका.

तुमच्या यजमानांच्या बाबतीत अडचण आहे ती आडव्या चिरेची. मांडीवरची चीर उभी, स्नायूंच्या दिशेने घेतली आणि नळी चिरेच्याच रेषेत काढली, तर दुसऱ्या शस्त्रक्रियेत तो सगळा मार्ग एका लांबट पट्ट्यात काढून टाकता येतो. आडवी चीर आणि बाजूचे भोक म्हटल्यावर ज्या ज्या भागाला पहिल्या वेळचे रक्त लागले तो सगळा भाग, म्हणजे चीर, भोक आणि मधली ऊती, काढावा लागतो. त्यामुळे जखम रुंद होते, आणि ती झाकायला प्लास्टिक सर्जनची मदत, कदाचित शरीराच्या दुसऱ्या भागातून घेतलेली त्वचा, लागू शकते. तज्ज्ञ केंद्रांना असे रुग्ण नवे नाहीत.

रेडिएशन, ज्याला आपल्याकडे ‘शेक’ किंवा ‘लाईट’ म्हणतात, ते शस्त्रक्रियेआधी द्यायचे की नंतर, हे तुम्हाला ऐकायला मिळेल. आधी दिले तर बहुधा 25 वेळा, पाच आठवडे, एकूण 50 ग्रे (ग्रे हे रेडिएशनची मात्रा मोजण्याचे एकक). मग चार ते सहा आठवड्यांनी शस्त्रक्रिया. नंतर दिले तर मात्रा अधिक, सुमारे 66 ग्रेपर्यंत. 2002 साली प्रसिद्ध झालेल्या, 190 रुग्णांच्या कॅनडातील एका चाचणीत आधी रेडिएशन घेतलेल्यांपैकी 35 टक्क्यांना जखम भरण्यात अडचण आली, नंतर घेतलेल्यांपैकी 17 टक्क्यांना. उलट दोन वर्षांनी पायाचा ताठरपणा नंतर घेतलेल्यांत अधिक दिसला. भोसरीत यंत्रापाशी दिवसभर उभे राहणाऱ्या माणसाच्या दृष्टीने हा फरक लहान नाही, म्हणून त्यांचे काम काय स्वरूपाचे आहे हे डॉक्टरांना सांगा. केमोचा निर्णय प्रकारावर अवलंबून राहील. ती सर्वांना देत नाहीत, आणि डॉक्सोरुबिसिन हे केमोचे औषध द्यायचे ठरले तर आधी हृदयाचा टूडी इको करतात. पुढची दोन-तीन वर्षे दर तीन-चार महिन्यांनी, त्यानंतर सहा महिन्यांनी तपासणीला जावे लागेल.

सासूबाईंशी वाद घालू नका, त्यांच्या म्हणण्यात एक दाणा खरा आहे. चाकूने रोग जन्माला येत नाही, चेततही नाही. पण न आखता घातलेल्या चाकूने रोगाच्या पेशी आजूबाजूला सांडू शकतात. त्यांना सांगा, की म्हणूनच आता हे काम ज्यांचे रोजचे आहे त्यांच्याच हाती द्यायचे आहे. लेप, मालीश आणि ‘दोन महिने काढा घेऊन पाहू’ हे मात्र नको. एका रात्रीत काही बिघडत नाही, पण महिने घालवण्यासारखा हा आजार नाही. दोन-तीन आठवड्यांच्या आत तज्ज्ञांपुढे फाईल पोचावी.

राहिले यजमानांना सांगायचे. न सांगता हे पार पडणार नाही. परळला उतरल्यावर पाटी वाचता येते, रांगेतली माणसे बोलतात, आणि संमतिपत्रावर सही त्यांचीच लागणार आहे. शिवाय सोमवारपासून कामावर जायचे की नाही हा प्रश्न त्यांच्यापुढे आहे. कामावर गेल्याने रोग पसरणार नाही, टाके सुकले असतील आणि डॉक्टर हो म्हणत असतील तर हलके काम चालेल. पण पाच आठवडे रेडिएशन, मग चार ते सहा आठवड्यांनी शस्त्रक्रिया, मग जखम भरणे असा तीन-चार महिन्यांचा हिशोब पुढे असेल तर रजा कधी टाकायची, कारखान्यात कोणाला काय सांगायचे, कोणत्या हप्त्याची सोय आधी करायची, हे सेहेचाळीस वर्षांच्या कर्त्या माणसाला स्वतः ठरवू द्यायला हवे. रविवारी सकाळी, मुले घरात नसताना, तुम्ही आणि दीर बसा. ‘रिपोर्टमध्ये कॅन्सर आला आहे, तो मांडीतला आहे, पुढे पसरला आहे का ते अजून पाहायचे आहे, आणि पाय बहुतेक वाचतो’ एवढे सांगून थांबा. ते गप्प बसतील किंवा चिडतील, तुम्ही आधी का सांगितले नाही असे विचारतील; त्याचे उत्तर तुम्हाला भीती वाटली, हेच आहे, तेच द्या. मग रिपोर्ट त्यांच्या हातात द्या, आणि ब्लॉक आणायला प्रयोगशाळेत जाल तेव्हा त्यांनाच बरोबर न्या. पावतीवर बहुधा रुग्णाचीच सही मागतात.